कान्हेरीवरच्या आई

आई, यंदाच्या शिवरात्रीला मी कान्हेरीला एकटीच जाऊन आले.

सुधाकर म्हणाला, "आईला जाऊन दिवस ते किती झाले, आणि तू डोंगर चढायला निघालीस? वर्ष तरी सरू दे." तुमच्या मुलाला तुम्ही ओळखता. एकदा बोलून झालं की तो पेपरात तोंड घालतो. मी रताळी उकडून डब्यात भरली, बाटली भरली आणि बोरिवलीला उतरून नॅशनल पार्कच्या गेटावर बसच्या रांगेत उभी राहिले. रांगेत पुढेमागे सगळ्या सासवा-सुना. मी उपास करत नाही, बेल वाहत नाही. कुणी विचारलं असतं, बाई तू इथे कशाला, तर काय सांगितलं असतं? इथे माझी सासू भेटायची, असंच सांगावं लागलं असतं.

मोठ्या चैत्यात गेले. माझ्या आधीच कुणीतरी स्तूपावर बेल वाहून ठेवला होता. दरवर्षी तो बघून माझ्या कपाळाला आठी पडायची, आणि ती आठी बघून तुम्हाला हसू यायचं. यंदा मी तो बेल तसाच राहू दिला. वरच्या पडक्या विटांपर्यंत मात्र गेले नाही. तिथे एकटीनं बसून खायची हिंमत झाली नाही. डबा भरलेला परत आणला. सुधाकरनं तो उघडून बघितला आणि परत झाकण लावलं.

तुमच्याशी बोलायचं म्हणजे मला कान्हेरीच आठवते. घरात आपण बोललो ते मीठ-मिरचीचं, रॉकेलचं, नळाच्या वेळेचं. मनातलं जे काही बोललो ते सगळं त्या डोंगरावर.

मी तुमच्या घरात आले तेव्हा तुम्ही भांडला नाहीत. त्याचंच मला जास्त भय वाटलं. कोर्टात लग्न करून आम्ही दोघं कांदिवलीच्या त्या दोन खोल्यांत आलो, तेव्हा तुम्ही दारातून बाजूला झालात, एवढंच. ओवाळलं नाहीत, हाकललंही नाहीत. तुम्ही मालवणकडच्या मराठ्यांची बाई. गिरणीतला नवरा गेल्यावर खानावळीचे डबे करून एकुलत्या मुलाला वाढवलेलं. आणि त्या मुलानं आणली मुलुंडच्या बौद्ध घरातली पोर, अंधेरीच्या एका कंपनीत टेलिफोनच्या बोर्डावर बसणारी. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीजवळ मला तुमची वेगळी कळशी दिसली. तांब्याची, घासून लख्ख केलेली, वर पालथं भांडं. कुणी काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. तसल्या कळश्या आमच्या माणसांना लांबून ओळखू येतात.

स्वयंपाक तुम्ही करायचात आणि मी बोटं चाटून जेवायचे. बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याची उसळ, सोलकढी. माझ्या आईनं कधी न केलेले पदार्थ. पण मी केलेलं तुम्ही तोंडाला लावत नव्हतात. मी पोहे केले की तुम्हाला भूक नसायची. मी चहा ठेवला की तुमचं पित्त खवळायचं. एकदा मी शिरा केला तर म्हणालात, आज माझो गुरुवार. आणि तो बुधवार होता. तेव्हा मी संतापायचे. सुधाकरला म्हणायचे, "तुझ्या आईला सरळ सांगता येत नाही का, तुझ्या हातचं चालत नाही म्हणून?" आता वाटतं, सरळ सांगणं तुम्हाला सोपंच होतं. रोज नवं कारण शोधत बसायचात, ते माझ्या तोंडावर तो शब्द येऊ नये म्हणून. एवढं तुम्ही माझं राखत होतात. पण हे मला आत्ता कळतंय, तुम्ही नसताना.

आणि मावशी. दहिसरला राहणारी तुमची धाकटी बहीण, दर रविवारी ठरल्यासारखी यायची. चपला काढता काढता तिची नजर मोरीकडे जायची. कळशी जागेवर आहे ना? मग ती पदरानं घाम पुसायची आणि तुम्ही तिला त्या कळशीतलं पाणी द्यायचात. दोघी गावच्या गजाली करत बसायच्यात. तुम्हाला इतकं हसताना मी फक्त रविवारी बघायचे.

पहिल्या शिवरात्रीची गोष्ट. दरवर्षी तुम्ही शेजारच्या काकूंबरोबर कान्हेरीला जायचात. त्या वर्षी काकू गावाला गेलेल्या आणि सुधाकरला पहिली पाळी. तुम्ही एकट्याच निघालात. तो बुटाची नाडी बांधता बांधता सहज म्हणाला, "रंजना येईल ना. तिला सुट्टी आहे."

तुम्ही त्याच्याकडे बघून म्हणालात, "ता कित्याक येतला? तेचो उपास नाय."

मला तुम्ही 'ता' म्हणायचात. मालवणीत पोरीबाळींना म्हणतात तसं, हे सुधाकरनं मला समजावून सांगितलं होतं. पण मला ते 'ते स्टूल', 'ते भांडं' यातलं 'ते' वाटायचं. मी भांडी विसळत होते, तिथूनच म्हटलं, "उपास नसला तरी मला कान्हेरीला यायचंय. ती आमची लेणी आहेत."

"तुमची?" तुम्ही पहिल्यांदा सरळ माझ्याकडे बघितलंत.

"आमची. बुद्धाची."

तुम्ही पिशवी उचललीत आणि जिना उतरायला लागलात. ये म्हणाला नाहीत, येऊ नको असंही नाही. मी हात पुसले आणि मागे निघाले.

वर जाणाऱ्या बसला माणसं लोंबकळत होती, म्हणून आपण चालत निघालो. तुम्ही पुढे, मी मागे. तो रस्ता मी शाळेच्या सहलीत ट्रकच्या फाळक्यावरून बघितला होता, पायांनी पहिल्यांदाच. पळस फुललेला. पानगळ झालेल्या झाडांतून टेकड्यांच्या पाठी दिसत होत्या. पाड्यावरच्या बाया रस्त्याकडेला बोरं आणि कवठं घेऊन बसल्या होत्या. तुम्ही एकेक कवठ कानाशी हलवून बघितलंत, मनासारखं एक मिळालं तेव्हा थांबून मागे वळलात. मी येतेय का ते बघितलंत. मी दिसल्यावर लगेच पुढे चालायला लागलात. बस, एवढंच. पण त्या एवढ्याशानं माझ्या पायांत बळ आलं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मोठ्या चैत्यात तुम्ही थेट आत गेलात, खांबांच्या रांगेमधून शेवटपर्यंत. पिशवीतून बेल काढून त्या दगडी स्तूपावर वाहिलात आणि डोकं टेकवलंत. मी व्हरांड्यातल्या उंच बुद्धापाशी हात जोडून आत आले, तर तुमचं पुटपुटणं चाललेलं. मला राहवलं नाही.

"आई, ही पिंड नाही. हा स्तूप आहे."

तुम्ही डोळे उघडलेत. "म्हादेवाची पिंड असा ही."

"नाही हो. बौद्ध भिक्खू राहायचे इथे. त्यांनी कोरलंय."

"भिक्षा मागणारे डोंगर कोरतत? देवांनी कोरल्यानी ह्या, एका रातीत."

"एका रात्रीत नाही, शेकडो वर्षं लागली त्याला. आम्हाला पुस्तकात होतं."

"पुस्तकां वाचून शाणी झालंस तू." मग जरा थांबून, डोळे बारीक करून विचारलंत, "तुज्या बुद्धाक बेल आवडना नाय काय?"

आवडण्या-न-आवडण्याचा प्रश्न नव्हता, तो हक्काचा होता, असं काहीतरी भाषण माझ्या डोक्यात जुळत होतं. पण तुम्ही इतक्या सरळपणे विचारलंत की ते भाषण घशातच राहिलं. तुम्ही पिशवी उचलून बाहेर पडलात. जिंकल्यासारख्या. आणि हो, त्या दिवशी पहिल्यांदा तुम्ही मला 'तू' म्हणालात.

पायऱ्या चढत आपण अगदी वर गेलो. लेणी मागे पडली, नुसता काळा कातळ आणि त्यावर विटांचे पडके चौथरे राहिले. वर कोणी फारसं येत नव्हतं. ऊन कातळातून वर मारत होतं. तुम्हाला सावलीत बसवून मी जरा पुढे गेले, तेवढ्यात माकड आलं. केळी घेऊन गेलं ते गेलं, तुमचा पाण्याचा कडीचा डबाही त्यानं उलटा केला. झाकण घरंगळत खाली ओढ्यात गेलं. तुम्ही त्याला मालवणीत ज्या शिव्या दिल्यात, त्या मी तोवर ऐकल्या नव्हत्या. मी हसले. तुम्हीही हसणार होतात, पण हसता हसता तुमचा हात कातळ चाचपायला लागला आणि चेहरा पांढरा पडला.

"आई, काय होतंय?"

"काय नाय. बस हय. फिरल्यासारखा झाला."

माझ्या खांद्यावर पाण्याची बाटली होती. घरून भरून आणलेली, माझ्या पिंपातलं पाणी. मी ती काढली आणि हातात धरून उभी राहिले. पुढे करायला धजेना. तुम्ही अशा अवस्थेतही पित्ताचं नाहीतर गुरुवारचं कारण काढलंत तर? त्या डोंगरावर ते मला सोसलं नसतं. तुम्ही बाटलीकडे बघत होतात. मी तुमच्याकडे. खाली कुठेतरी पोरं ओरडत होती.

मग तुम्ही दोन्ही हात जुळवून ओंजळ केलीत आणि वर धरलीत.

"दी," म्हणालात.

माझी आजी साताऱ्याकडच्या आपल्या गावात विहिरीपासून लांब अशीच ओंजळ धरून बसायची. पाणी भरायला आलेल्या एखाद्या बाईला दया आली तर ती वरून धार सोडायची. आजी सांगताना मनगटं जुळवून दाखवायची, पाणी कोपरापर्यंत कसं ओघळायचं ते. मी उभी होते, तुम्ही बसला होतात, आणि ओंजळ तुमची होती. तुमच्या मनात यातलं काहीही नव्हतं, तुम्हाला फक्त बाटलीला तोंड लावायचं नव्हतं. मी वरून धार सोडली. तुमच्या कोपरावरून पाणी ओघळताना दिसलं. मी खाली बसले. तुमच्या गुडघ्याला माझा गुडघा लागला. बाटली ओंजळीला टेकवून मी पाणी ओतत राहिले आणि तुम्ही पीत राहिलात.

"सगळा मीच पिलंय," तुम्ही तोंड पुसत म्हणालात. "तुका काय रवला?"

"मला नको, आई."

मग बराच वेळ आपण तिथेच बसलो. पश्चिमेला खाडी चमकत होती, तिच्यापलीकडे समुद्र. तुम्ही सांगितलंत की ह्या दर्याच्या कडेकडेन चलत गेला तर आमचो गाव येता. लग्न होऊन आगबोटीनं मुंबईला येताना वाटभर ओकत होतात, आणि नवऱ्याचा चेहरा नीट बघितलात तो थेट धक्क्यावर उतरल्यावर. सुधाकरला हे ठाऊक नव्हतं. मी घरी येऊन त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तुला हे आईनं सांगितलं?"

पण पाण्याचं मी त्याला सांगितलं नाही. उतरताना, गेट दिसायला लागल्यावर तुम्ही म्हणाला होतात, "घराकडे बोलू नको."

"काय?"

"ह्याच गो."

आणि घरी आल्यावर तुम्ही पालथं भांडं उचललंत आणि कळशीतलं पाणी घेऊन प्यायलात. मी समोरच उभी होते.

त्यानंतर दरवर्षी तसंच. शिवरात्रीला पार्कच्या आत शिरलं की तुम्ही माझ्या आई व्हायच्यात. माझ्या बाटलीतलं पाणी, माझ्या डब्यातली रताळी, माझ्या हातचा शेंगदाण्याचा लाडू. तो तुम्हाला इतका आवडायचा की एक पदराला बांधून घ्यायच्यात आणि गेट यायच्या आत संपवायच्यात. माझी ऑफिसची गाऱ्हाणी ऐकायच्यात. बोर्डावर फोन करणारे लोक माझ्याशी कसे उर्मट बोलतात ते सांगितलं की "त्येंची वाट लागली, तू रडू नको" म्हणायच्यात. एका वर्षी चैत्याच्या दारात तुम्ही पिशवीतली झेंडूची फुलं अर्धी करून माझ्या हातात ठेवलीत. "ही तुज्या देवाक. वाद नको." आणि आत जाऊन आपला बेल वाहिलात. मी बाहेर उंच बुद्धाच्या पायाशी फुलं ठेवली. परत येऊन बघते तर तुम्ही खांबाआडून बघत होतात, मी नीट ठेवली की नाही ते. "पायाक ठेवलंस, बरा केलंस. वरसून पडली असती."

बाहेर पडलं की बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसून गप्प व्हायच्यात.

मी किती दिवस गप्प बसणार होते? चौथ्यापाचव्या वर्षी, त्याच पडक्या विटांपाशी, तुम्ही माझ्या डब्यातलं रताळं सोलत होतात आणि मी विचारून टाकलं.

"आई, इथे चालतं. मग घरी का नाही?"

तुमचा हात थांबला. "हय कोण बघता?"

"म्हणजे लोकांसाठी?"

"लोक नाय गो." मग म्हणालात, "माका एकच भैण असा. म्हायराक दुसरा कोण रवला नाय. ती येवची बंद झाली तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू?"

"आणि माझ्या तोंडाकडे?"

तुम्ही रताळ्याची साल काढत राहिलात. त्या रताळ्याला साल उरलीच नव्हती, तरी तुम्ही नखानं काढतच होतात. मी डबा बंद केला. उतरताना आपल्यात एवढं अंतर होतं की कोणी म्हटलं नसतं ह्या दोघी बरोबर आल्यात. बसमध्ये तुमच्या शेजारी जागा होती, मी उभ्यानं आले.

ते भांडण आपण पुरं केलंच नाही, आई. पुरं करायला भरपूर वेळ होता. संध्याकाळी गॅलरीत तुम्ही तांदूळ निवडायच्यात, मी बसलेली असायचे. सुधाकर रात्रपाळीला असायचा. एकदा तरी मी म्हणायला हवं होतं की मला तुमचं कळतंय. कारण खरंच कळत होतं. माझंही माहेर लग्नानंतर वर्षभर तुटलं होतं. पोरीनं मराठ्याच्या घरी जाऊन कळशीचा मान राखत बसावं म्हणून शिकवलं का, असं माझे वडील म्हणाले होते. बहीण यायची बंद होणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. पण मी वाट बघत राहिले. तुम्ही आधी बोलावं. आणि तुम्हीही बहुतेक तीच वाट बघत होतात. आपण दोघी मानी. सुधाकर म्हणतो, तुम्ही दोघी एकाच हट्टी मातीच्या. ते आधी मला चिडवल्यासारखं वाटायचं.

त्याच वर्षी पावसाळ्यात मला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे. तुम्ही मला उचलून बसवायच्यात, उकळलेलं पाणी निववून चमच्यानं पाजायच्यात, भाताची पेज गाळून द्यायच्यात. एकदा मला उलटी आली आणि तसराळं जवळ नव्हतं, तर तुम्ही हात पुढे केलेत. तुमच्या दोन्ही हातांत ती उलटी झाली. मी रडायला लागले तर म्हणालात, "रडतंस कित्याक? धुतले की झाला." मावशी तेव्हा शेजारी बसल्या होत्या. त्यांच्या देखत तुम्ही माझे कपडे धुतलेत, माझं अंग पुसलंत, माझे केस विंचरलेत. मावशी उठल्या आणि तुमच्या हाताखाली बादली धरली.

त्याच दिवशी आपल्या ध्यानात यायला हवं होतं. तुमच्याही आणि माझ्याही. ज्या बाईच्या भीतीनं आपण इतकी वर्षं गेटाबाहेर परक्या होत होतो, तिनं बादली धरली होती. मी बरी झाल्यावर एका रविवारी मावशींसमोर तुम्हाला पाण्याचा पेला पुढे करायला काय हरकत होती? फार तर तुम्ही नको म्हणाला असतात. पण मी केला नाही. कळशी तशीच राहिली. सवयीनं राहिली, मला वाटतं. शेवटी शेवटी तिच्यामागे तुमचा विश्वासही नव्हता आणि मावशींचा धाकही नव्हता. नुसती रोज घासायची म्हणून घासायची.

गेल्या शिवरात्रीला तुमचे गुडघे धड नव्हते. चैत्याच्या पायरीवर बसलात आणि म्हणालात, "तू जावन ये वर. माका सांग काय काय दिसता ता." मी एकटी वर गेले. ऊन होतं, खाडी धुरकट होती. परत आले तर तुम्ही विचारलंत, "बोट दिसली?" एकही दिसली नव्हती. मी म्हटलं, "एक दिसली, आई. दक्षिणेकडे चाललेली." तुम्ही समाधानानं मान हलवलीत. "गेली असतली मालवणाक." मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठलात, आणि त्या दिवशी गेट ओलांडल्यावरही तुमचा हात माझ्या खांद्यावरच होता. बसमध्येही. स्टेशनवरही. चाळीच्या जिन्यावर मात्र काढून घेतलात. पण तो हात तिथपर्यंत आला होता, आई. अजून थोडे दिवस मिळाले असते तर घरातही आला असता.

ते दिवस मिळाले नाहीत. संक्रांत झाली आणि एका सकाळी तुम्ही मोरीपाशीच पडलात. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. इस्पितळात डॉक्टरांनी मला आणि सुधाकरला बाहेर बोलावून सांगितलं की गिळायची ताकद गेलीय. तोंडातून थेंबभरही काही द्यायचं नाही. पाणीसुद्धा नाही, ते फुप्फुसात जाईल. जे जाईल ते शिरेतून.

दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ. भेटीचे लोक आलेले. मावशी, त्यांच्या सुना, शेजारच्या काकू, सगळ्या कॉटभोवती. सुधाकर औषध आणायला खाली गेला होता. तुम्ही डोळे उघडलेत. सगळ्यांवरून नजर फिरवलीत आणि माझ्यावर थांबलात. जीभ वळत नव्हती, तरी एकेक अक्षर ओढून काढलंत.

"रंज... ना. पाणी... दी."

आपल्या सगळ्या वर्षांत घराच्या माणसांत माझं नाव घेऊन तुम्ही मागितलेली ही पहिली गोष्ट.

मी म्हटलं, "आई, डॉक्टर नको म्हणालेत. थोडी कळ काढा."

"तान... लागली."

मावशी रडायला लागल्या. त्यांनीच माझा दंड धरला. "दी गो तिका. थोडा दी. तुज्याच हातचा मागता ती."

"मावशी, नाही देता येत. ठसका लागला तर जीव जाईल."

तुमचा डावा हात चादरीवरून थोडा उचलला गेला. एकच हात. तुम्हाला दोन्ही जुळवायचे होते का, ते मला कळलं नाही. मी नर्सकडून ओला कापूस आणला आणि तुमच्या ओठांवरून फिरवला. तुम्ही मान फिरवलीत. भिंतीकडे. मी दुसऱ्या बाजूला जाऊन बसले, तुमचा हात धरला. हातानं माझा हात धरला नाही. त्याच्यात जोर नव्हता म्हणून, की दुसऱ्या कशानं, हे विचारायला मला तुम्ही पुन्हा शुद्धीवर हव्या होतात. तुम्ही आला नाहीत.

सगळे म्हणतात, तू बरोबर वागलीस. डॉक्टर म्हणाले, सुधाकर म्हणाला, मावशीही आता तेच म्हणतात. मावशी हल्ली अधल्यामधल्या वारीही येतात. येऊन माझ्यापाशी बसतात, तुमच्याबद्दल बोलतात, मी दिलेला चहा पितात. मला त्यांच्याशी बोलायला बरं वाटतं. पण बोलता बोलता मी मधेच गप्प होते, आणि का ते त्यांना सांगता येत नाही.

मान फिरवलीत तेव्हा तुमच्या मनात काय आलं होतं, आई? हिनं आज उट्टं काढलं, असं तर नाही ना आलं? इतकी वर्षं मी हिच्या हातचं घेतलं नाही, म्हणून आज चारचौघांत मागितल्यावर हिनं दिलं नाही, असं मनात धरून तर गेला नाहीत? आपल्यात एवढं न बोललेलं साचलं होतं की तुम्हाला तसं वाटलं असलं तर तुमचा दोष नाही. पण तसं नव्हतं. तुम्ही मागाल म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघत होते, त्या दुपारी मी तुम्हाला घागरभर पाणी पाजलं असतं. डॉक्टर नको म्हणाले होते, म्हणून मी नाही म्हणाले. खरंच, आई. दुसरं काही नव्हतं त्यात.